मागे कोण आहे?

“मागे कोण आहे?” कुठेही बसण्याआधी ते हे विचारायचे. मागे भिंतच आहे असं सांगितलं, तरी हात लावून बघायचे आणि मगच टेकायचे.

दिल्लीतल्या आमच्या सरकारी ऑफिसात मराठी आम्ही दोघंच, ते आणि मी. पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये त्यांनी मला भिंतीकडच्या खुर्चीवरून उठवलं. “यार, ती माझी आहे.” अशी खोड असलेली माणसं तुमच्याही ऑफिसात असतील, आपण हसतो आणि सोडून देतो. मीही हसलो. आर. के. पुरमच्या क्वार्टरमधून वहिनी स्कूटर चालवत यायच्या आणि हे मागे ऐटीत बसलेले.

“पुढे बसलो तर पाठीमागे कोणीतरी येतंच ना,” हे त्यांचं उत्तर.

“माझ्यावरही भरवसा नाही, बिल्कुल नाही,” वहिनी म्हणायच्या.

कारण त्यांनी एकदाच सांगितलं, चहा गार होईपर्यंत. तरुणपणी ते रोइंग करायचे, चौघांच्या नावेत. नोकरीही खेळाच्या कोट्यातलीच. त्या नावेत माणसाचं तोंड मागे असतं आणि नाव त्याच्या पाठीच्या दिशेने जाते. लय देणारा टोकाला बसतो, बाकीचे तिघं त्याच्या पाठीमागे. ते काय करतात हे त्याला दिसत नाही. लय द्यायचं काम यांचं.

देशाच्या नावेत एकच जागा उरली होती, लय देणाऱ्याची. उमेदवार दोन: हे आणि कुणा बड्या साहेबांचा भाचा. चाचणीची रीत अशी की मागचे तिघं तेच ठेवायचे, लय देणारा तेवढा बदलायचा आणि कोण बसल्यावर नाव जोरात जाते ते बघायचं. ते तिघं यांचे जिवलग, शिबिरात एका ताटात जेवणारे. भाचा बसला तेव्हा नाव सुसाट गेली. हे बसले आणि ती जड झाली.

“वल्ही पाण्यात पडत होती रे, पण ओढत नव्हती. बसल्या जागी कळतं ते. कोणाचं, ते मात्र कळत नाही.”

त्यानंतर त्यांनी वल्हं हातात धरलं नाही, की त्या तिघांशी बोलले नाहीत. मला अजून चीड येते. जागा गेली ती गेली; पण त्या लोकांनी या माणसाचं निर्धास्त बसणंसुद्धा काढून घेतलं.

निवृत्तीच्या दिवशी आमच्या साहेबांनी हौसेने त्या तिघांपैकी एकाला शोधून आणलं, सरप्राइज म्हणून. जुना दोस्त, शाल त्याच्याच हातून. रीतीप्रमाणे तो शाल पांघरवायला यांच्या पाठीमागे गेला. हे ताडकन उठून वळले.

“समोरून दे.”

त्याचे डोळे भरले होते. “खूप वर्षं मनात आहे. कोण होतं ते आज सांगतो.”

“एकाचंच नाव असेल तर सांग.”

तो शालीच्या घडीकडे बघत राहिला. एकही नाव त्याच्या तोंडून आलं नाही.

त्या दोघांचं मराठी बोलणं मला एकट्यालाच कळत होतं. बाकीच्या हॉलने टाळ्या वाजवल्या.

यांनी शाल घेतली, खुर्चीवर ठेवली. “चलो,” एवढंच म्हणाले आणि निघाले. इतक्या वर्षांत मी त्यांची पाठ तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. अजून रुंद होती. दारापर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.