अडीचच्या भोंग्याची माणसं

आमचे हे माझ्याशी बोलायचे बंद झाले, त्याला कारण मीच, असं मी वर्षभर धरून चालले होते. अगदी अबोला नव्हता तो. "जेवाले दे", "चाललो", "पडतो जरासा" एवढं व्हायचं. पण मी काही विचारलं की उत्तर नाही. मागून बोलावलं तर मान वळायची नाही. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही भांडलो भरपूर, पण भांडताना हे बरोबरीने बोलायचे. ही गप्प राहायची पद्धत त्यांनी नव्या घरात आल्यावर काढली. पुनर्वसनात मिळणाऱ्या सोयींची यादी मी नीट वाचली होती, तीत ही सोय लिहिलेली नव्हती.

आमचं गाव वणीकडच्या कोळशाच्या पट्ट्यात होतं. खाण सरकत सरकत गावाच्या शिवेपर्यंत आली, तेव्हा गावाने सरकावं असं ठरलं. खाणीने थांबावं असं सुचवण्याइतका आगाऊपणा कुणी केला नाही. मी तिथल्याच शाळेत तीस वर्षं पोरांना पाढे शिकवले, म्हणून ग्रामसभेत सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाई काय करते ते बघू, मग आपण करू. मी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. भिंतींना गेलेले तडे आठवले, पोरांचा खोकला आठवला आणि सही केली. लगेच माझ्यामागे रांग लागली. आमचे हे कोपऱ्यात खाली मान घालून बसून होते. त्या दिवसापासून गाव हलल्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटलं आणि मला वाटलं, ह्यांनीही ते तिथेच फोडलं.

नव्या वस्तीच्या तोंडाशी मोठी कमान आहे. आत सगळे रस्ते सरळ आणि सगळी घरं सारखी. इतकी सारखी, की पहिल्या महिन्यात एक म्हातारे गृहस्थ दुसऱ्याच्या घरात शिरून, हातपाय धुऊन जेवायला बसले. त्या घरच्या सुनेनेही वाढलं बिचारीने. जेवण झाल्यावर त्यांनी भाजीला नावं ठेवली, तेव्हा कुठे उलगडा झाला. कमानीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत झाडं लावली आहेत. प्रत्येक झाडाला लोखंडी पिंजरा आहे. पिंजऱ्यांची सावली झाडांपेक्षा जास्त पडते.

पुण्याहून मुलगा फोन करायचा. "आई, बदल स्वीकारायला शिका आता. मन मोकळं ठेवा." त्याने स्वतः गेल्या दहा वर्षांत चहातली साखर कमी केली नाही, पण आम्ही सत्तरीत गाव, घर, विहीर, शेजार आणि दाराची दिशा एकदम बदलून मन मोकळं ठेवायचं होतं.

आणि तरी सांगते, आम्ही म्हाताऱ्यांनी जुळवून घेतलं. फक्त ते कुणाला दिसलं नाही, कारण ते वेड्यासारखं दिसत होतं.

जुन्या गावात रोज दुपारी अडीचला खाणीचा भोंगा व्हायचा आणि त्यानंतर ब्लास्टिंग. भोंगा झाला की बाया फळीवरच्या लोणच्याच्या बरण्या खाली जमिनीवर ठेवायच्या आणि सगळं गाव घराबाहेर यायचं, कारण छताचे पोपडे डोक्यावर पडायचे. कडुनिंबाखाली सगळे उभे. एक धक्का बसायचा, धूळ यायची, मग गप्पा. कुणाची सून आली, कुणाची म्हैस व्याली, सगळा कारभार त्या अर्ध्या तासात. नव्या वस्तीत भोंगा ऐकू येत नाही, धक्का बसत नाही, छत पक्कं आहे. पण दुपारचे अडीच झाले की साठीच्या पुढची सगळी माणसं घराबाहेर. कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी स्वतः बरणी जमिनीवर ठेवून, पदर सारखा करून दारात आले आणि पाहते तर समोरची म्हातारीही दारात.

"वाजले ना बाई अडीच?" ती म्हणाली.

"वाजले."

"मंग निंगा बाहेर. ह्या टायमाले घरात जीवच लागत नाई माहा."

झाड नव्हतं, म्हणून आम्ही पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायला लागलो. टाकीत पाणी नसायचं, पण सावली मात्र नियमित. सावली सरकली की खुर्च्या सरकवायच्या. सुना हसायच्या. हसू देत. आमचं काही बिघडत नव्हतं.

त्या सावलीत सगळे यायचे, एक आमचे हे सोडून. मी बाहेर पडताना म्हणायची, "चला." हे भिंतीकडे बघत बसलेले. टाकीखालची माणसं विचारायची, "बुढा काहून येत नाई जी?" मी सांगायची, "साहेबांना आमची संगत चालत नाही आता." हसण्यावारी न्यायची, पण आतून जळायची. गाव मी हलवलं, म्हणून ह्यांनी गावावरच बहिष्कार टाकला, असं मला वाटायचं. गावातून त्यांच्या वाट्याला उरलेलं एवढंच तर होतं, टाकीखालची ती दहा-बारा माणसं. त्यांच्यात हे बसले नाहीत, तर एकटे किती दिवस काढतील, ही एकच चिंता मला लागून राहिली. दिवसेंदिवस ते वाळत चालले होते.

एकदा मी ताठा सोडला. हे मागच्या अंगणात दोर वळत बसले होते. बैल गेले होते, गाय गेली होती, दोर वळणं चालू होतं. मी त्यांच्या पाठीमागे उभी राहिले. समोर जायची हिंमत झाली नाही.

"माही चूक झाली," मी म्हणाले. "सही पहिले मी कराले नोको होती. तुमाले विचारलंबी नाई. माफ करा मले."

शाळेत तीस वर्षं पोरांना माफी मागायला लावली, स्वतः मागायची ती माझी पहिलीच वेळ. ह्यांचा हात थांबला नाही. दोराला पीळ बसत राहिला. मी थोडा वेळ उभी राहिले आणि आत येऊन कणीक मळली. त्यानंतर मीही सोडलं नाही. ताट वाढताना टोमणा, चहा ठेवताना टोमणा. "मौनी महाराज, जेवता का?" "राजे, उठा, ऊन वर आलं." हे माझ्या तोंडाकडे बघायचे आणि नजर खाली घालायचे. मला त्यात पुन्हा राग दिसायचा.

मग एक दिवस ज्येष्ठांना मार्गदर्शन करायला एक तरुण बाई आल्या. समाजमंदिरात सतरंज्या टाकल्या होत्या. त्या दिवशी हेही आले, कारण मी हाताला धरून नेलं. बाईंनी तासभर सांगितलं की आयुष्यात बदल येतच असतात, जुन्यात अडकू नये, मनातलं बोलावं. आम्ही अर्धे झोपलो होतो. आमचे हे मात्र पहिल्या रांगेत बसून दर वाक्याला मान डोलवत होते. शेवटी बाईंनी त्यांना उभं केलं आणि सगळ्यांना म्हणाल्या, "या काकांकडून शिका. बदल किती समजून घेतलाय यांनी!" टाळ्या झाल्या. ह्यांनीही वाजवल्या. मी मनात म्हटलं, जगासाठी मान डोलते, माझ्यासाठी वळत नाही.

पंधरा दिवसांनी हे कमानीबाहेरच्या रस्त्याने चालले होते. मी दुकानातून मीठ घेऊन मागून येत होते. पाठीमागून कोळशाचा ट्रक आला. हॉर्न वाजला. हे मधोमध चालत राहिले. पुन्हा वाजला, लांबलचक. मी ओरडले. दुकानदार ओरडला. हे आपले रमतगमत. करकचून ब्रेक लागला आणि ट्रक ह्यांच्यापासून दोन हातांवर थांबला. ड्रायव्हर खाली उडी मारून धावत समोर गेला. "ओ बाबा, मरना है क्या?" आणखीही काय काय म्हणाला, ते लिहीत नाही. ह्यांनी त्याच्याकडे पाहिलं, हसले आणि हात जोडले.

"जयभीम," म्हणाले. "कुठचे तुमी?"

मिठाची पिशवी माझ्या हातातून कधी पडली, मला कळलं नाही.

कान दाखवून आणा, असं दुकानदाराने बजावलं, म्हणून मी ह्यांना वणीला नेलं. डॉक्टरांनी कानावर यंत्र लावून तपासलं आणि मला विचारलं, "किती वर्षांपासून ऐकू येत नाही यांना?" मी म्हटलं, येतं की, वर्षभरापासून माझ्यावर रागावले आहेत एवढंच. डॉक्टरांनी कागद पुढे केला. दहा-बारा वर्षं तरी झाली असतील, म्हणाले, हळूहळू गेलेत दोन्ही कान. माझी सगळी हुशारी त्या कागदासमोर निकालात निघाली. दहा वर्षं ज्या माणसाबरोबर ताटाला ताट लावून जेवले, त्याला ऐकू येत नाही हे मला, बाईला, कळलं नव्हतं. वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोराचं कमी ऐकणं मी आठ दिवसांत ओळखायची.

कानात मशीन बसलं. पहिले दोन दिवस ह्यांना पंख्याचा राग आला, मग भांड्यांचा, मग माझ्या आवाजाचा. "तू एवढ्या जोरानं बोलत होती?" त्यांनी विचारलं. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "तिकडे कसं चाललं तुमचं मंग? भोंगा तर ऐकत होते तुमी."

"ऐकाचं कामच कुठं पडे मले?" हे म्हणाले. "बाया बरण्या खाली ठेवाले लागल्या का समजाचं, भोंगा झाला. जमीन हालली का समजाचं, ब्लास्टिंग झालं. कुत्रं उठलं का कोनी आलं. तू दारात उभी राह्यली का तुही सावली माह्या पुढ्यात पडे, मंग मी मान वर करो. इथं दारच उत्तरेले. तुही सावली आत येतच नाई."

गाव गेलं म्हणून रडले नव्हते मी, सामान ट्रकमध्ये चढलं तेव्हाही नाही. त्या वेळी रडले. मग डोळे पुसले आणि त्यांच्या समोर बसून, तोंडाकडे बघत, अंगणात म्हटलेलं सगळं पुन्हा म्हटलं. सही माझी, चूक माझी, माफ करा.

ह्या खेपेला ह्यांनी सगळं ऐकलं.

"पयली सही तुही नव्हती," ते म्हणाले. "माही होती."

"कोनती?"

"वावराची. तुह्या ग्रामसभेच्या महिनाभर आधी. खाणीचा साहेब वावरात आला, अर्धा तास बोलून राह्यला. मले एक अक्षर समजलं नाई. दोनदा 'काय म्हनता' म्हटलं, तिसऱ्यांदा लाज वाटली. मान डोलवली अन् सही करून देल्ली. मोजणीवाले आले तवा समजलं, वावर खाणीले देऊन बसलो ते."

"मंग मले काहून नाई सांगितलं?"

"सांगनार होतो. पन इथं आल्यापासून तुह्या तोंडाकडं पाह्यलं का हिंमतच नाई होये. रोज रागानं काईतरी बोले तू. मले वाटलं, तुले समजलं. म्हनून बाहेरबी नाई आलो, वाटे साऱ्याइलेच समजलं असन."

एवढं सांगून त्यांनी कानातलं मशीन काढलं, माझ्यासमोर सतरंजीवर ठेवलं आणि अंग आवरून बसले. "बोल आता," म्हणाले. "काय बोलाचं ते बोलून घे."

मी मशीन उचललं. त्यांच्या जवळ सरकले आणि ते परत त्यांच्या कानात बसवायला लागले. दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा बसलं.