गाळून, उकळून, गार करून

मामा तीन बोटं वर करायचे आणि एकेक बोट मिटत म्हणायचे, "गाळून, उकळून, गार करून." समोर सरपंच असो की हंडा घेऊन उभी राहिलेली बाई, शेवटचं बोट मिटल्याशिवाय ते तिथून हलायचे नाहीत. आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत ते गावोगावचे नमुने आणायचे. तीर्थपुरीपासून भोकरदनपर्यंत त्यांची बाटली गेली नाही अशी विहीर क्वचितच असेल. असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत असेल, हुद्द्याने सगळ्यांत खालचा, पण गावात त्याचाच शब्द चालतो.

मी तिथे रसायनतज्ज्ञ. अहवालावर सही माझी, पण लोक अहवाल वाचत नाहीत, मामांचं ऐकतात. याचा मला कधी राग यायचा, कधी बरंही वाटायचं. पावसाळ्यात जुलाबाची साथ आली की त्या तीन बोटांनी कितीतरी घरं वाचवली, हे मी आजही मानते.

नायट्रेटची तपासणी त्यांना खेळासारखी वाटायची. नळीत पाणी घ्यायचं, पूड टाकायची, हलवायचं आणि थांबायचं. पाणी जितकं गुलाबी, तितकं नायट्रेट जास्त. एरवी ते दिसत नाही, त्याला वास नाही. युरियातून, उकिरड्यातून ते जमिनीत मुरतं आणि पावसाबरोबर खाली बोअरपर्यंत पोचतं. मोजमापासाठी आमच्याकडे पोटॅशियम नायट्रेटची बाटली असायची. ती पुसता पुसता मामा म्हणायचे, "हे तं मी मोसंबीला फवारतो, मॅडम. तुमची इवलीशी बाटली, माझ्याकडं गोणी हाय." विहिरीचा खडक फोडतात त्या दारूतही याचंच भावंड असतं, असं मी सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ विचार करत बसले होते.

त्यांना एकच मुलगी. पिंपळगाव रेणुकाईच्या पुढे एका वस्तीवरचं स्थळ आलं. लोक जमीन बघतात, मामा बोअरचं पाणी बाटलीत भरून घेऊन आले. आम्ही सगळे पोट धरून हसलो. पाण्यात जंतू नव्हते. नायट्रेट मात्र लिटरला पंचेचाळीस मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या बरंच वर होतं, कारण बोअर गोठ्याला लागूनच होतं. मामांनी सवयीने तीन बोटं वर केली.

"मामा, नायट्रेट उकळून जात नाही," मी म्हणाले, पण हसत हसत.

मोठ्या माणसाला काय होतंय, असं ते म्हणाले. मोठ्यांना सहसा लगेच काही होत नाही, हे खरंच होतं. मी सही केली आणि लग्नात दोनदा बुंदी वाढून घेतली. तान्ह्या बाळाचं बोलायला हवं होतं, ते मी बोलले नाही. तेव्हा बाळ होतंच कुठे?

नात झाली. बाळंतपण माहेरी झालं, तिसऱ्या महिन्यात लेक सासरी गेली आणि तिचं दूध आटलं. डब्याचं दूध सुरू करायचं, तर पाणी कसं घ्यायचं, हे विचारायला तिने वडिलांना फोन केला. मामा माझ्या टेबलापाशीच उभे होते. फोन कानाशी धरून त्यांनी मोकळ्या हाताची तीन बोटं वर केली, एकेक मिटली आणि म्हणाले, "चांगलं आटू दे बाई, जल्दी करू नको." मी आकडे लिहीत होते. ऐकलं मी. ऐकलं आणि लिहीत राहिले.

पंधरा दिवसांत बाळाचे ओठ निळे पडले, मग नखं. जालन्याला आणलं तेव्हा तपासणीला काढलेलं रक्त चॉकलेटी निघालं. तान्ह्या बाळाच्या पोटात नायट्रेट गेलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. डॉक्टरांनी पहिल्यांदा पाण्याचंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा दोन बाटल्या घेऊन आले. एक बोअरची, दुसरी लेकीच्या स्वयंपाकघरातल्या पातेल्यातली.

"लेकरू काचेच्या पेटीत हाय, मॅडम. तुम्ही बघा तं."

मी दोन्ही नळ्या शेजारी लावल्या. पहिली गुलाबी झाली. दुसरी बिटाच्या पाण्यासारखी लाल झाली.

"ही उकळल्याली?"

"हो, मामा."

"उकळल्यावर कमी न्हाई झालं?"

"पाणी उडून जातं, नायट्रेट मागे राहतं. अर्धं आटवलं की दुप्पट होतं."

माझी त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

इंजेक्शनं दिली, पण उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी बाळ गेलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात लेकीने वडिलांचा हात धरून विचारलं, "बाबा, मी तं अर्धं होईस्तोवर आटवत होते. कमी पडलं का?"

मामा म्हणाले, "न्हाई बाई."

त्यानंतर ते नमुने आणत, बाटल्या मांडत आणि निघून जात. गावात कुणी विचारलंच, मामा, उकळून प्यायचं ना, तर हात खिशात घालत. एकदा मात्र माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मॅडम, लेकीला तुम्ही सांगता का? मह्याच्यानं न्हाई व्हायचं."

सांगते म्हणाले. सांगितलं नाही. आज जाईन, उद्या जाईन करत राहिले. पुढच्या उन्हाळ्यात मामा मोसंबीच्या बागेत कोसळले, ते उठलेच नाहीत.

गेल्या महिन्यात त्यांची लेक प्रयोगशाळेत आली. सातवा महिना होता. पिशवीतून तिने बाटली काढून टेबलावर ठेवली.

"ह्या वक्ताला आधीच सवय करून राह्यले, मॅडम. मोप आटवलंय. बराबर झालं का बघा."

मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. ते पाणी बाळाला बिलकुल द्यायचं नाही, आरओ फिल्टरच्या पाण्याचा जार लावायचा, हेही सांगितलं. ती बाटलीकडे बघत होती.

"म्हंजे मी जितकं आटवलं..." म्हणाली आणि थांबली. मग तिने विचारलं, "बाबांना तवा म्हाईत होतं?"

"नाही," मी म्हणाले. "मी त्यांना नीट सांगितलंच नव्हतं."

मांडीवरच्या उजव्या हाताची तीन बोटं तिने उघडली, त्यांच्याकडे बघितलं आणि एकेक करून मिटली.