छतावरच्या फुलाची तीन पानं

तुमच्या घराच्या पुढच्या खोलीत, दिव्याभोवती, छताला प्लास्टरचं एक फूल आहे. आठ पानांचं. त्यातली तीन पानं दुबईच्या अल कुसैसमध्ये तयार झालेली आहेत आणि ती कुठली, हे आजवर कोणालाही ओळखता आलेलं नाही. मला त्याचा अभिमान वाटतो. पण मूळची तीन पानं पडली ती माझ्यामुळेच, म्हणून सगळं क्रमाने सांगते.

इंग्लंडमधलं ते घर व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं. लाल विटांची, भिंतीला भिंत लावून उभी असलेली घरांची रांग, आणि त्यातलं तुमचं एक. तुमच्या आईबाबांनी ते घेतलं तेव्हा स्वयंपाकघरात भर दुपारीही दिवा लावावा लागे. मग मागची भिंत पाडून वर काचेचं छप्पर आलं, जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरल्या, वरच्या लहान खोलीचं बाथरूम झालं. अल कुसैसच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून मी त्यातला प्रत्येक नकाशा तपासला. दुबईत एका इंजिनिअरिंग कंपनीत मी अठ्ठावीस वर्षं नकाशांची नोंद ठेवण्याचं काम केलं. कुठला नकाशा जुना, कुठला नवा, कोणी काय बदललं, हे माझ्या कपाटात बघून कळायचं. ती सवय जात नाही.

"आई, आमच्या आर्किटेक्टकडे नसतील एवढे कागद तुझ्याकडे आहेत," तुमची आई म्हणायची.

घर पाहायला गेली त्या पहिल्या दिवशी ती पुढच्या खोलीत चक्क जमिनीवर आडवी झाली होती आणि फोन छताकडे धरून तिने मला ते फूल दाखवलं होतं. पुढे कंत्राटदार म्हणाला, छत सपाट करून आत दिवे बसवू. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं: बाकी घर हवं तेवढं नवं करा, फुलाला हात लावायचा नाही.

काम संपल्यावर, तुमच्या शाळेच्या सुट्टीत मी तुमच्याकडे आले. चौथ्या दिवशी सकाळी सगळे खाली असताना मी वरचं बाथरूम धुवायला घेतलं. आम्ही इथे धुतो तसंच. साबण टाकला, दोन बादल्या पाणी ओतलं, घासलं, आणि पाणी जाळीकडे लोटायला वळले. जाळी कुठे होती? कोपऱ्यात नव्हती, बेसिनखाली नव्हती, कमोडमागेही नव्हती. दुबईत बाथरूमला पाणी जायची जाळी नाही असं मी कधी पाहिलेलंच नाही. इंग्लंडमध्ये मात्र बाथरूमची जमीन पुसतात, धूत नाहीत. आणि तुमच्या घरात तर त्या फरशीखाली लाकूड आहे, लाकडाखाली पुढच्या खोलीचं छत. त्या बाथरूमचे नकाशे मी तीनदा तपासले होते. पण जाळी असणारच असं मनात इतकं पक्कं होतं की ती नाही हे मला दिसलंच नाही.

खालून तुमच्यापैकी धाकट्याचा आनंदाचा आवाज आला, "आजी, इट्स रेनिंग ऑन द सोफा!"

मी जिन्यावरून खाली पोचेपर्यंत ओलं प्लास्टर सुटलं. तीन पानं खाली आली. दोन पानांचा चुरा झाला. तिसरं गालिच्यावर पडलं, त्याचे दोन तुकडे झाले. नशिबाने सोफ्यावर कोणी नव्हतं.

तुमची आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती गुडघ्यांवर बसून तुकडे वेचत होती. "असू दे आई. कोणाला लागलं नाही ना?" एवढंच म्हणाली. दुपारी प्लास्टरवाला आला. त्याने सांगितलं, छत वाळायला दीड महिना लागेल, मग मी उरलेलं फूल काढून टाकतो आणि थर्माकोलसारखं तयार फूल चिकटवतो, लांबून फरक कळत नाही. ती "ओके" म्हणाली. तो आवाज मी ओळखते. लहानपणी हवी ती वस्तू मिळणार नाही हे कळलं की ती याच आवाजात "बरं" म्हणायची.

"तो दीड महिना मला दे," मी तिला म्हणाले. "फूल काढू नकोस."

आजोबांना फोन केला तर ते म्हणाले, "दुबईत पाऊस पडत नाही म्हणून तिथे जाऊन पाडलास होय?" मी फोन ठेवून दिला.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. शिडीवर चढलेल्या तुमच्या बाबांकडून उरलेल्या पाच पानांची मापं घेतली, आलेख कागदावर फूल काढलं, पानांना एक ते आठ क्रमांक दिले. पडलेली होती तीन, चार आणि पाच. पाच नंबरच्या पानाचे दोन तुकडे सुती साडीत गुंडाळून बॅगेत घातले.

अल कुसैसच्या औद्योगिक भागात, गॅरेजांच्या मागे, जिप्समचं काम करणारी वर्कशॉप आहेत. व्हिलांच्या छतांना वेलबुट्टी लागते ती तिथे बनते. पहिल्या दोन ठिकाणी "इतना छोटा काम नहीं करते, मॅडम" असं ऐकलं. तिसऱ्या ठिकाणी पन्नाशीचे एक मिस्त्री फोनवर कोणाशी तरी मराठीत भांडत होते. खेडच्या बाजूचे निघाले. मी तुकडे त्यांच्यापुढे ठेवले.

"काकू, हे कुठल्या शेखच्या घरातलं?"

"माझ्या लेकीच्या. इंग्लंडमधलं. दीडशे वर्षांचं असेल."

त्यांनी तुकडा उचलून अंगठा फिरवला. "रंगाचे थर बघा किती! पान गुदमरलंय. आधी हे सगळं खरवडायला लागेल."

"अजिबात नाही," मी म्हणाले. "जसं आहे तसंच पाहिजे. बाकीची पाचही अशीच आहेत."

"तुम्ही म्हणाल तसं. सोनेरी मारू का वरून? इकडे सगळ्यांना आवडतं."

"नको!"

आठवड्याने गेले तर साच्यातून निघालेलं पान त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. मापात चोख होतं. पण ते पान वाटत नव्हतं, मळलेल्या कणकेचा गोळा वाटत होता. मिस्त्रींनी चहा मागवला. चहा संपेपर्यंत मी त्या गोळ्याकडे पाहत राहिले.

"खरवडा," मी म्हणाले.

"आता कसं!"

दोन दिवस लागले. रंगाखालून पानाच्या शिरा निघाल्या, काठाचे दाते निघाले, आणि देठापाशी तीन इवली फळं निघाली. त्या फळांचा आम्हाला कोणाला पत्ताच नव्हता. मी तिथूनच तुमच्या आईला व्हिडिओ कॉल केला. तिने फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "आई, म्हणजे वरच्या पाचांच्या आतही हे आहे?"

मिस्त्री मागून ओरडले, "ताई, वाफ द्या नि हळूहळू काढा! लोखंड लावू नका, लाकडाची काडी घ्या!"

मिस्त्रींनी नवा साचा करून तीन पानं ओतली. मी प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने क्रमांक घातले आणि चार पदरी गुंडाळून ती कुरियरने पाठवली. तिकडे तुम्ही चौघं तीन शनिवार-रविवार शिडीवर होतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं! केसांत रंगाचा भुगा असलेले तुमचे फोटो माझ्या फाईलमध्ये आहेत. दीड महिन्याला दोन दिवस बाकी असताना प्लास्टरवाल्याने तीनही पानं बसवली. त्याने थर्माकोलचं फूल गाडीत परत नेलं आणि जाताना तुमच्या आईला विचारलं, ही पानं करणारा माणूस कुठे भेटेल?

आणखी एक झालं. तुमच्या बाबांनी बाथरूमची फरशी उकरून कोपऱ्यात जाळी बसवून घेतली. "आई, आता खुशाल धुवा," म्हणाले. मी या वर्षी आले तेव्हा पुसूनच काढलं. पण जाळी आहे हे बरं वाटतं.

परत आल्यावर मी फुलाचा मोठा फोटो छापून मिस्त्रींकडे नेला. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, फोटो उजेडात धरला.

"काकू, माझी कुठली?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. मलाही कळेना. शेवटी पर्समधून आलेख कागद काढावा लागला. पण गोल फुलाच्या फोटोची वरची बाजू कुठली, हे ठरवण्यात आमचे आणखी दोन चहा झाले.