वच्छलाबाईंनी बोलावलेली बारा पोरं

वच्छलाबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवतात. बजाजनगरच्या कडेला जिल्हा परिषदेची शाळा, चौथीपर्यंतची. कोण दोनदा वाढून घेतं, कोणाला मटकी आवडत नाही, सगळं बाईंना तोंडपाठ. आम्हा मास्तरांना पोरांची नावं आठवायलाही हजेरी उघडावी लागते.

दरवर्षी आमच्या केंद्रातल्या अकरा शाळांची वाचन-गणिताची तपासणी होऊन क्रमांक लागतात. आमचा दुसरा ठरलेला. कसा, ते ऐका. कच्च्या पोरांना आदल्या दिवशी सांगायचं, "उद्या तुम्हाला सुट्टी." झाकली मूठ सव्वा लाखाची! यंदा बारा जणांना मीच सांगितलं. त्यात तिसरीतली प्रेरणाही होती. सुट्टी ऐकून ती खूश झाली, याची मला अजून लाज वाटते.

तपासणीच्या सकाळी मुख्याध्यापक सर्जेराव सर बाईंना म्हणाले, "आज बारा पोरं कमी धरा." बाईंना वाटलं, तापाची साथ आली. तांदूळ निवडायचे सोडून त्या वस्तीत गेल्या. आजारी कुणीच नव्हतं. मग काय, "चला रं, खिचडी शिजायलीय," म्हणत बाराच्या बारा घेऊन आल्या. तपासणीचे साहेब वर्गातच बसलेले. त्यांनी सगळ्यांना वाचायला लावलं आणि आमची शाळा नववी आली.

यादी लागली त्या दिवशी सर्जेराव सर माझ्यावर कडाडले, "अतुल सर, ही बाई उद्यापासून नको. तक्रार तुम्ही लिहा." बाईंचं घर त्यांच्या एकटीच्या कमाईवर चालतं. मी कोरा कागद घेऊन ओट्यावर येऊन बसलो. बाई पातेलं घासत होत्या.

"सर, माझ्यामुळं शाळा खाली गेली म्हणं. मला वाटलं लेकरं आजारी हाईत. लई चुकलं का वं?"

तेवढ्यात प्रेरणा ताट धुवायला आली.

"सर, ते सायब परत कधी येणार?"

"का गं?"

"त्यांनी मला पण वाचायला दिलं होतं. मला नाय आलं. पण मला पण दिलं."

कागदावर मी एवढंच लिहिलं, 'बारा मुलांना घरी राहायला मी सांगितलं होतं. बाईंचा दोष नाही.' सही केली आणि सर्जेराव सरांपुढं ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात टाकला.

"बाईंना म्हणा, उद्या वेळेवर या."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला मी प्रेरणाला जवळ बसवलं आणि पुस्तक तिच्या हातात दिलं.