आमच्या दारातली पोसादा

मंजू बाळंतपणासाठी माहेरी आली आहे, हे मला दूधवाल्याकडून कळलं. तिचं माहेर म्हणजे हिंदी मुलखातल्या रामघाटच्या आमच्याच गल्लीतलं शेजारचं दार, माझ्या धाकट्या दिराचं घर. मला मूल नाही. मंजूला न्हाऊमाखू घालून वाढवलं ते मी. पण दोन वर्षांपूर्वी तिच्या लग्नात माझ्या जावेनं, सुमननं, मी विधवा म्हणून मला हळदीला हात लावू दिला नाही. मी मांडवातून न जेवता उठले आणि त्या घराशी बोलणं टाकलं. आता रोज सकाळी अन्नपूर्णेपुढे उभी राहून म्हणायची, आई, पोरीला एकदा डोळ्यांनी बघू दे. त्यांची पायरी आपण होऊन चढायला मात्र मी तयार नव्हते. राग माझ्या अगदी नाकावर असतो. दिवस जात होते, आणि देवी ऐकते तरी का, असं मनात येऊ लागलं होतं.

त्या वर्षी वरच्या खोलीत लुपे भाड्यानं राहत होती. मेक्सिकोची, पस्तिशीची, पखवाज शिकायला आलेली. सणांची हौस तिला आमच्याहून दांडगी. सप्टेंबरात तिच्या देशाच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या संध्याकाळी गच्चीवर घंटा बडवत तिनं असा जयजयकार केला की माकडं पळाली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांचे पितर घरी येतात. झेंडूच्या माळांत तिनं आपल्या आजीशेजारी आमच्या ह्यांचाही फोटो मांडला, पुढे कचौडी-जिलबी ठेवली. आम्ही श्राद्धाला गंभीर चेहरे करतो, ही त्यांच्याशी हसत गप्पा मारत बसली. बारा डिसेंबरला तिच्या ग्वादालूपे मातेचा दिवस. पहाटे गाऊन तिनं मातेला जागं केलं, मला वाटलं काकडआरतीच चाललीय.

मग सोळा डिसेंबरपासून नऊ संध्याकाळी पोसादा. येशूच्या जन्माआधी मरियम आणि जोसेफ मुक्कामासाठी दारोदार फिरले, त्याची ती आठवण. काही जण बाहेर उभे राहून गाण्यातून जागा मागतात, आतले नकार देतात, पुन्हा मागणं, पुन्हा नकार, आणि शेवटी दार उघडतं. आठ संध्याकाळ लुपेनं बरोबर शिकणाऱ्या मित्रांकडे साजऱ्या केल्या. नववी आमच्याकडे. मला आतलं काम मिळालं.

"अम्मा, आप सिर्फ़ मना करना," ती म्हणाली.

म्हटलं, ते मला छान जमतं.

दिवेलागणीला मी कडी लावून आत उभी राहिले. बाहेर पखवाज, टाळ्या, आणि लुपेचा आवाज, "थोड़ी सी जगह दे दो." मी खणखणीत सांगितलं, "आगे जाओ, जगह नहीं है." गल्ली हसली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा गाणं आलंच नाही. हळू आवाजात मराठी ऐकू आली.

"वहिनी, पोरीचे पाय सुजलेत हो. आता तरी दरवाजा खोला."

सुमन! जागा नाही, जागा नाही, हेच मी दोन वर्षं म्हणत आले होते. मला माझी फार लाज वाटली. तेवढ्यात मंजू ओरडली, "काकू, जल्दी कर ना, थंडी वाजतेय!" आणि मी कडी काढली.

दारात मंजू उभी, डोक्यावर लुपेची निळी शाल, आठव्या महिन्याचं पोट. शेजारच्या पाटीवर आमचंच आडनाव वाचून लुपेनं त्यांना घरचेच समजून बोलावलं होतं, आणि मंजूला पाहताच मरियम करून टाकलं होतं. पोटाला उशी बांधायचीही गरज नव्हती. मी तिला जवळ घेतलं, रडले, हसले. सुमन उंबऱ्याबाहेरच थांबली होती.

"चुकलं माझं, वहिनी. हिची ओटी भरायची राहिलीय. तुम्ही भरा."

"अगं, मी कशी..."

"तुम्हीच. तुमच्याहून जवळचं कोण आहे तिला?"

घरात नारळ नव्हता. लुपेनं ऊस, दालचिनी आणि अमरूद, म्हणजे पेरू, घालून गरम पेय उकळत ठेवलं होतं. तिच्याच टोपलीतला एक लालबुंद अमरूद आणि ओंजळभर तांदूळ मी मंजूच्या पदरात घातले. मग लुपेनं चौकात रंगीत कागदांनी सजवलेलं, खाऊनं भरलेलं मडकं फोडण्यासाठी टांगलं, आणि सुमनचे डोळे बांधून तिच्या हाती काठी दिली. दोन फटके हवेत गेले, तिसरा कोनाड्यातल्या माझ्या लोणच्याच्या बरणीवर. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो.

संक्रांतीनंतर मंजूला मुलगी झाली. दोन फेब्रुवारीला लुपेनं आपल्या बाळ येशूच्या मूर्तीला सणाचे नवे कपडे घातले, तेव्हा आमच्या छकुलीला झबलं मी घालत होते.

लोक म्हणतात योगायोग. असेल, मला वाद घालायचा नाही. मी देवीकडे मागताना अट घातली होती, मंजू दिसू दे पण माझा ताठा राहू दे. तिनं सातासमुद्रापलीकडची एक पोर धाडली, मंजूला दारात आणून उभं केलं, आणि कडी मात्र माझ्याच हातून काढवली. आता मी देवळात काही मागत नाही. नमस्कार करते, आणि परतताना आधी सुमनच्या दारावर थाप मारते.