सोबतीला कोण?

धड झोप लागत नाही आणि धड जागंही राहवत नाही, अशी गिरिजा सोफ्यावर पडून आहे. भर दुपार आहे. पुण्यातला भाड्याचा फ्लॅट, पडदे ओढलेले, डोक्यावर पंखा घरघरतोय. पोट टम्म फुगलंय, कूस बदलली की आतलं सगळं एका अंगाला कलंडतं. बेंबीच्या दोन्ही बाजूंना सुयांचे हिरवे-निळे डाग पडलेत. रोज आपल्याच हातानं आपल्यालाच टोचून घ्यायचं, ते काल एकदाचं संपलं. उद्या सकाळी भूल देऊन तिची स्त्रीबीजं काढणार आणि गोठवून ठेवणार. पस्तिशी उलटून गेली, लग्नाचा पत्ता नाही, आणि डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून सरळ सांगितलं होतं, की पुढेमागे मूल हवंसं वाटणार असेल तर आता थांबू नका, तुमचा साठा लवकर आटतोय.

इथवर तिनं सगळं एकटीनं रेटलं. सोनोग्राफीच्या रांगा, रक्ताच्या तपासण्या, फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्यामागे लपवलेली इंजेक्शनं. आणि आता घोडं पेंड खातंय ते भलत्याच ठिकाणी. मघाशी दवाखान्यातून फोन आला. भूल देणार म्हणजे सोबत माणूस हवं, त्याचं नाव आणि नंबर संध्याकाळपर्यंत कळवा, त्याशिवाय आत घेत नाहीत. पुढं ढकलायची सोय नाही. शेवटचं इंजेक्शन झाल्यावर बीजं वेळेत काढली नाहीत तर ती आतल्या आत सुटून जातात, आणि इतक्या दिवसांचं सोसणं पाण्यात. तिथल्याच एखाद्या मावशींना बसवलं तर चालेल का, असं गिरिजानं विचारून पाहिलं. फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, की तसं नाही चालत मॅडम, घरचं कुणीतरी बघा ना.

घरचं म्हणे. ऑफिसात तिनं दाढ काढायची म्हणून रजा टाकलीय. दोन मैत्रिणी आहेत. एकीचं बाळ तापानं फणफणलंय आणि दुसरीच्या तोंडात तीळ भिजत नाही. राहता राहिली कवठेमहांकाळची आई. आणि आईला सांगण्यापेक्षा बीजं गेलेली परवडली, असं गिरिजाला मनापासून वाटतंय.

हा राग जुना आहे, आणि तो लीलावहिनीपायी आहे. शिवलीला, बसूदादाची पहिली बायको. लग्नाला वर्षं लोटली तरी पाळणा हलेना, तेव्हा आईनं तिला गुड्डापूरच्या दानम्मादेवीच्या वाऱ्या करायला लावल्या. वारही ठरलेला नसायचा. देवीचं बोलावणं आलं की निघायचं, असं आई म्हणायची, आणि एसटीनं सुनेला घेऊन जायची. कितीदा तर निर्जळी उपास, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. वहिनी संध्याकाळी परत यायची ती पांढरीफटक होऊन, आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. गिरिजा तेव्हा कॉलेजात होती. तिनं आईला तोंडावर सांगितलं होतं, की तुझ्या देवापायी तू हिचा जीव घेशील. आई तांदूळ निवडत होती, ती निवडतच राहिली. पुढं वहिनी काविळीनं गेली, चार दिवसांत. त्याचा देवीशी संबंध नव्हता हे गिरिजाला कळतं, पण मन कळण्यावर थोडंच चालतं? तेव्हापासून मायलेकींचं फोनवरचं बोलणं जेवलीस का, जेवले, एवढंच उरलंय.

पंख्याची घरघर जरा बारीक होते. आता ती पंख्याची नाही, वडिलांच्या, आप्पांच्या, भांड्यांच्या दुकानातल्या मशिनची आहे, ज्यानं भांड्यांवर नाव घालतात ते मशिन. सोफ्याच्या पायथ्याशी कुणीतरी येऊन उभं राहतं.

"वन्सं, पाय घ्या की जरा वर. बसू द्या."

लीलावहिनी. अंगावर अबोली साडी, केसांना तेल. लग्न होऊन आली तेव्हापासून ती गिरिजाला वन्सं म्हणते. शाळकरी गिरिजाला तेव्हा ते ऐकून आपण एकदम म्हातारे झाल्यासारखं वाटायचं. वहिनी गेलेली आहे हे गिरिजाला पक्कं ठाऊक आहे. पण घरी आलेल्या माणसाला ते बोलून दाखवणं बरं दिसत नाही, म्हणून ती मुकाट्यानं पाय पोटाशी घेते.

"लई दमलाय जणू," वहिनी म्हणते.

"दमले गं."

"दमायचंच. त्यात काय चुकतंय?"

इतकं साधं तिला आजवर कुणी म्हटलेलं नाही. दवाखान्यात सगळे तिला ब्रेव्ह म्हणतात, आणि तो शब्द ऐकला की तिला आणखीच थकायला होतं.

समोर काउंटर आहे. काचेवर बाळाचं चित्र चिकटवलंय, म्हणजे दवाखानाच, पण मागं पितळी घागरींची उतरंड आहे आणि चष्मा नाकावर आणून आप्पा बसलेत. त्यांच्या पुढ्यात स्टीलचा डबा पालथा घातलाय, हातात मशिनची सुई गुणगुणतेय.

"सोबतच्या माणसाचं नाव सांगा," आप्पा मान वर न करता म्हणतात. "डब्यावर घालायचंय."

गिरिजा वहिनीकडे बघते. "तूच ये ना माझ्यासोबत. तुझं नाव घालायला सांगते."

"सांगा की," वहिनी हसते. "पण दवाखान्यातनं फोन केला तर उचलणार कोण?"

आप्पांना घाई नाही. सुई नुसतीच हवेत गुणगुणत राहते. दुकान बंद व्हायच्या आत सांगा, एवढं ते म्हणतात, आणि त्यांच्या मागच्या घागरी एकेक करून गाठोडी आणि ट्रंका होतात, काउंटरची फळी लांबत जाऊन बाक होते. दोघी एसटी स्टँडवर बसल्या आहेत. ऊन भुईवर आडवं पडलंय. जत-गुड्डापूरकडच्या गाड्या लागतात त्या बाजूला आई उभी आहे, काळ्याभोर केसांची, गिरिजानं कॉलेजात पाहिलेली आई. हातात नारळाची पिशवी. आप्पा त्यांना सोडायला आलेत, चार पावलं गेल्यावर एकदा मागं वळून बघतात आणि दुकानाकडे निघून जातात. ते दिसेनासे झाले तशी आई वहिनीचं मनगट धरते आणि तरातरा चालत पलीकडच्या गाडीत चढते, मागोमाग गिरिजाही. गाडीवर पाटी मिरजेची आहे.

"ही गाडी उलटी जाते," गिरिजा म्हणते. "गुड्डापूर तिकडं आहे."

"गुड्डापूरला कोण चाललंय?" वहिनी तिला खिडकीशी जागा करून देते. "आमी मिरजेला जायचो, वन्सं. बायकांच्या दवाखान्यात. पयल्यापासनं."

गाडी सुरू होते. आई पुढच्या सीटवर आहे, डुलक्या घेतेय, तिला गिरिजा दिसत नाही. वहिनी हळू आवाजात सांगत जाते, एखाद्या बाईनं दुसरीला माहेरच्या गोष्टी सांगाव्यात तसं. आप्पांनी दवाखान्याचं नाव काढू दिलं नव्हतं. आपल्या घरात काही कमी आहे हे चारचौघांत सांगायचं का, असं म्हणाले होते. देवीला मात्र त्यांची ना नव्हती. मग आत्याबाईंनी, म्हणजे गिरिजाच्या आईनंच, ही युक्ती काढली. दवाखाना बोलवेल ते देवीचं बोलावणं.

"आणि ते निर्जळी उपास?"

"भूल द्यायची तर उपाशीच जावं लागतंय की. तुमाला न्हाई सांगितलं?"

सांगितलंय. आज रात्रीपासून अन्न नाही, पाणी नाही.

"पण आई अंगारा आणायची," ती म्हणते. निदान कुठंतरी आपण बरोबर निघावं अशी तिची धडपड चाललीय.

"चुलीतली राख हो ती. डबीत भरून घरातनंच न्यायच्या आणि तीच परत आणायच्या. आप्पा ती रोज कपाळाला लावायचे."

वहिनीला हसू आवरत नाही, तिनं तोंडाला पदर लावलाय. गिरिजाही हसायला लागते, हसताना पोट दुखतं, आणि हसता हसता गाडीतल्या सीटा भिंतीला टेकतात. फिनेलचा वास येतो. लांबलचक व्हरांडा आहे, टोकाला एक बंद दार. दाराबाहेर ओळीनं बायका बसल्या आहेत आणि शेवटच्या बाकावर आई आहे. पदर मांडीवर ओढून घेतलाय, पदराखाली काहीतरी झाकलंय. गिरिजा वाकून बघते. जुन्या, टाचेला झिजलेल्या चपला आहेत. वहिनीच्या.

"दारात काढून ठेवल्या की चोरीला जायच्या," वहिनी म्हणते. "एकदा अनवाणी घरला गेले. तवापासनं आत्याबाई मांडीवर घेऊन बसायच्या. सासू हो, वन्सं. सुनेच्या चपला मांडीवर. मी बाहेर येऊस्तर जागची हलायची न्हाई ती बाई, च्यालासुद्धा."

गिरिजा आईकडे बघत राहते. इतक्या जवळून आईकडे तिनं किती वर्षांत पाहिलेलं नाही. आईचे ओठ कोरडे पडलेत. सून उपाशी म्हणून तीही उपाशी आहे, हे गिरिजाला कुणी न सांगता समजतं.

"मला का नाही सांगितलं?"

"तुमी आप्पांशी भांडायला उठला असता. मग आमचं जाणंच बंद झालं असतं."

"मी तिला नको नको ते बोलले, वहिनी."

"बोलला की. परतीच्या गाडीत मला सांगायच्या. म्हणायच्या, पोरगी खमकी निघाली, बरं झालं. हिला कुणी गप बसवायचं न्हाई."

गिरिजाला रडू फुटतं. रडायलाही अंगात त्राण लागतं आणि तेवढंही तिच्यात उरलेलं नाही, त्यामुळे ते नुसतंच गालांवरून खाली येत राहतं. वहिनी ते पुसत नाही. ती गिरिजाच्या मागं सरकते, तिचे केस गोळा करते, बोटांनी मधोमध भांग पाडते.

"आत नेताना दोन वेण्या लागतात," ती सांगते. "तिथली पोरगी घालती, पण ओढून घालती, टाळू दुखतो. माझ्या आत्याबाई घालायच्या."

"तुझं तर काहीच झालं नाही शेवटी," गिरिजा म्हणते. मेलेल्या माणसाला असं बोलू नये, पण तिला बोलल्यावाचून राहवत नाही. "एवढं सोसून."

"न्हाई झालं." डाव्या वेणीचे पेड घट्ट होत चाललेत. "लई वाईट वाटायचं. अजून वाटतंय. पर त्या दारातनं मी बाहेर आले आणि बाक रिकामा हाय, असं एकदाबी झालं न्हाई."

"माझं होईल का गं?"

"ते मला काय म्हाईत? मी काय देवी हाय व्हय?"

डावी वेणी पुरी होते. वहिनी उजवीकडचे केस हातात घेते, तोवर टोकाचं दार उघडतं आणि आतून हिरव्या टोपीतली सिस्टर विचारते, सोबत कोण आहे? तिचा आवाज आप्पांचा आहे. मशिन गुणगुणतंय, पालथा डबा अजून कोराच आहे. गिरिजा नाव सांगायला तोंड उघडते, आणि उजवीकडच्या केसांतला हात हलकेच निघून जातो.

पंखा घरघरतोय. पडद्याच्या फटीतून आलेलं ऊन भिंतीवर चढलंय. घसा सुकलाय, उशी ओली झालीय. गिरिजा उठून बसते, पोट सावरते, तोंडावर आलेले केस मागं सारायला हात नेते आणि थांबते. उजवीकडचे केस मोकळे आहेत, झोपेत गुंतलेले. डाव्या कानामागून मात्र एक वेणी खाली आलेली आहे, घट्ट, शेवटच्या टोकापर्यंत घातलेली. ती निजली तेव्हा केस मोकळे होते. शाळा सुटल्यापासून तिनं वेणी घातलेली नाही. टोकाला रबर नाही, रिबन नाही, तरी पेड सुटत नाहीत. ती आरशापुढं जाऊन बघते. मग आरशापुढंच भुईवर बसते आणि फोन लावते.

आई दुकानातच असावी. मागं मशिन चालू आहे, कुणाच्या तरी भांड्यावर नाव पडतंय.

"जेवलीस का?" आई विचारते.

गिरिजा जेवले म्हणत नाही. उद्या सकाळी मला भूल देणार आहेत, ती सांगते. बायकांचा दवाखाना आहे. पुढंमागं मूल हवं झालं तर असावं, म्हणून बीजं काढून ठेवायचीत. सोबत माणूस लागतं. सगळं ती एका दमात सांगून टाकते, आणि सांगून झाल्यावर आता आई काय काय विचारेल त्याची वाट बघत बसते. लग्नाचं, लोकांचं, आप्पांचं.

मशिनचा आवाज लांब लांब जातो, म्हणजे आई दुकानातून उठून आत निघालीय. एक दार लोटल्याचा आवाज येतो.

"आजवर कोण येत हुतं सोबत?"

"कुणी नाही."

"एकटी जात हुतीस?"

"हो."

गिरिजानं वेणीचं टोक मुठीत धरलंय. मग आईचा आवाज येतो, अगदी बारीक, फोन तोंडाशी धरून बोलल्यासारखा.

"संध्याकाळची गाडी गावती मला. पुण्याकडं कुठला देव हाय गं? आप्पांना काय सांगू?"