व्हर्ना बाकेचं भांडं

नॉर्डालमध्ये माणसं घर विकतात ती दोनच कारणांनी. एक तर माणूस मरतो, नाही तर वृद्धाश्रमात जातो. त्यामुळे ड्वेन आणि आर्लिस टॉलेफसन ही दोघं हातीपायी धड असताना घर विकून कायमची गाडीमागे ओढायच्या घरात, ट्रेलरमध्ये राहायला निघाली, तेव्हा हे तिसरं कारण गावाच्या घशाखाली उतरेना. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीबरोबर दुसरा विषयच नव्हता.

"सुटीत नेतात ट्रेलर ते ठीक आहे गं, पण बाराही महिने? मग टपाल कुठे येणार?"

"टपालाचं सोड. भांडण झालं की ड्वेन जाणार कुठे? दुसरी खोलीच नाही!"

ड्वेनचं उत्तर ठरलेलं होतं. "सेहेचाळीस हिवाळे बर्फ उपसला. आता बर्फ बघायचा तो टीव्हीवर." तीस वर्षं त्याने धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळला होता. ट्रेलरला भार किती झेपतो हे कळल्यापासून तो घरातली वस्तू न् वस्तू न्हाणीघरातल्या काट्यावर ठेवून बघत होता. आर्लिसने आपला शिवणाचा डबा लपवून ठेवला, कारण त्याने तो दोनदा मोजून मान हलवली होती.

खरं नवल आर्लिसचं होतं. ही बाई शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं पोरांना जेवू घालून निवृत्त झालेली, आणि या घरातून तिला हलवणं म्हणजे अंगणातलं सफरचंदाचं झाड हलवण्यासारखंच, असं सगळे धरून चालले होते. ड्वेननेही आडूनआडूनच विषय काढला होता. ती टोस्टला लोणी लावत होती. तिने विचारलं, "कधी निघायचं?" ड्वेनने कानातलं यंत्र काढून तपासलं.

एवढ्या झटकन ती हो का म्हणाली, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. घर विकलं, गाव सुटलं, म्हणजे एक गोष्ट न करताच संपून जाईल, असं तिला वाटलं होतं. ती गोष्ट तळघरातल्या फळीवर, बरण्यांच्या मागे होती.

घर एका तरुण शिक्षक जोडप्याने घेतलं. सोमवारी किल्ल्या द्यायच्या होत्या. शनिवारी सकाळी अंगणात टेबलं मांडून उरलंसुरलं विकायला काढलं. सप्टेंबर संपत आला होता, साखरेच्या बीटचे ट्रक रस्त्यावर माती सांडत जात होते, आणि अख्खं गाव टॉलेफसनांच्या संसारातून हात फिरवून गेलं. घेण्यापेक्षा बघण्यातच लोकांना जास्त रस. आर्लिस दारातल्या खुर्चीत बसून आपल्या वस्तू जाताना बघत होती. उशांचे अभ्रे गेले. बर्फावरची घसरगाडी गेली. स्वयंपाकघरातलं लांब टेबल गेलं, तेव्हा मात्र तिला उठून आत जावंसं वाटलं. या टेबलाशी तिचा मुलगा केंट बसून कधी जेवला नाही. उभ्याउभ्याच खायचा, एक हात फ्रीजच्या दारावर. त्याच्या शेजारी तसाच उभा राहून खाणारा दुसरा, बाक्यांचा डॅरेल. तो मागच्या दाराने, टकटक न करता यायचा, तोही याच घरचा असल्यासारखा. दोघांचे ओले लोकरी हातमोजे हीटरवर वाळत, आणि सगळ्या घराला ओल्या मेंढरासारखा वास सुटे. तो वास तिला आवडत नसे, असं ती तेव्हा म्हणायची.

तेवढ्यात शेजारच्या फिलिसने शेवटच्या टेबलावरून एक काचेचं भांडं उचललं. ओव्हनमध्ये सरकवायचं, लांबट, चौकोनी, प्रत्येक घरात असतं तसलंच. वर ड्वेनच्या अक्षरात चिठ्ठी होती, पन्नास सेंट. मालकिणीचं नाव बघायला इथल्या बायका करतात तसं फिलिसने ते सवयीने उलटं करून बघितलं. तळाला लाल नेलपॉलिशने लिहिलं होतं, व्ही. बाके.

फिलिसने भांडं सुलटं केलं आणि निखारा ठेवावा तसं अलगद परत ठेवलं. एकवार आर्लिसकडे पाहिलं, आणि पुढे होऊन गरज नसताना एक फुलदाणी विकत घेतली. तिच्या मागून आणखी दोघींनी ते भांडं उलटून पाहिलं. कुणी अवाक्षर काढलं नाही. नॉर्डालमध्ये कुणी काही बोललं नाही, म्हणजे दुपारच्या आत गावभर झालेलंच असतं.

आर्लिसने उठून भांडं छातीशी धरलं. "ड्वेन! हे कुणी ठेवलं इथे?"

"मी. बरण्यांच्या मागे होतं. अगं, पावणेदोन किलो आहे ते, आणि तुझ्याकडे दुसरं आहेच की."

"हे माझं नाही."

त्याने तळ बघितला. बिचाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

बावीस वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. बीटच्या हंगामात जवान पोरं बारा-बारा तासांची पाळी करतात आणि हातात चार पैसे घेऊन कॉलेजला जातात. केंट आणि डॅरेल पाळी संपवून पहाटे घरी येत होते. डॅरेल चालवत होता. त्याचा डोळा लागला. गाडी नाल्यात गेली. डॅरेल दोन बरगड्यांवर वाचला आणि केंट, वीस वर्षांचा, तिथेच गेला.

त्या आठवड्यात टॉलेफसनांच्या दारी अकरा भांडी आली. बटाटा-खिम्याचं, शेवयांचं, हॅमचं. दुखवट्याच्या घरी चूल पेटू नये म्हणून गाव हे करतंच. पुढची रीतही तितकीच पक्की. भांडं परत करायचं ते रिकामं नाही. आपल्या हातचं काही भरून न्यायचं, टेबलाशी बसायचं, कॉफी प्यायची, गेलेल्याबद्दल चार शब्द बोलायचे. त्यानंतर त्या दोन घरांत काही शिल्लक राहिलं नाही असं समजतात. आर्लिसच्या अंगात तेव्हा त्राण नव्हतं, म्हणून तिची नणंद मार्जी हिने वड्या भाजून दहा भांडी घरोघर पोचवली. अकरावं, डॅरेलच्या आईचं, मात्र तिने ओट्यावर ठेवलं.

"हे मी नेणार नाही, आर्लिस. व्हर्नाकडे तुलाच जावं लागेल."

पहिलं वर्ष आर्लिस रागाने गेली नाही. त्या पोराचा श्वास चालू आहे, याचाच राग. दुसऱ्या वर्षी राग ओसरला, पण आता इतका उशीर झाला, काय तोंड घेऊन जायचं? तिसऱ्या वर्षी उशीर आणखी मोठा झाला होता. आज नको उद्या करता करता भांडं ओट्यावरून कपाटात, कपाटातून तळघरात उतरलं. व्हर्ना तिला दर रविवारी भेटायची. एकाच चर्चमध्ये, दोन बाकं पुढेमागे. दोघी पावसावर बोलायच्या, बीटच्या पिकावर बोलायच्या, थंडी लवकर पडली यावर बोलायच्या. बावीस वर्षांत एवढ्या हवापाण्याच्या गप्पा वेधशाळेतही झाल्या नसतील.

आणि आता व्हर्नाचं भांडं आर्लिसच्या अंगणात पन्नास सेंटला मांडलेलं गावाने बघितलं होतं. याचा अर्थ एकच लागणार होता. आज गेली नाही, तर सोमवारी ती जी निघेल ती कायमची तेवढ्या एका बाईच्या मनातून उतरून निघेल. तिने झाडाखालची सफरचंदं पदरात घेतल्यासारखी एप्रनमध्ये घेतली. पीठ, साखर, लोणी केव्हाच ट्रेलरमध्ये गेलं होतं, म्हणून तिथेच भाजायला घेतलं, तर ट्रेलरच्या बोटभर ओव्हनमध्ये भांडं जाईना. आडवं नाही, तिरकं नाही. ड्वेन जवळ उभा राहून म्हणाला, "वजनाचं बघितलं, मापाचं राहिलंच." आर्लिस हसली नाही. सगळं उचलून पुन्हा घरात आली आणि आपल्या जुन्या ओव्हनमध्ये सफरचंदाच्या वड्या भाजल्या. रिकाम्या स्वयंपाकघरात दालचिनीचा वास घुमला. बसायला खुर्चीही उरली नव्हती. ती ओव्हनसमोर जमिनीवर बसून राहिली, आणि बऱ्याच वर्षांनी पोटभर रडली.

व्हर्नाचं घर रस्त्याच्या टोकाला, चालत सहा मिनिटं. एक्क्याऐंशीची व्हर्ना जाळीच्या दाराआड उभीच होती. ताकाला जाऊन भांडं लपवायची सोय नव्हती, हातात गरम भांडं दिसतच होतं.

"ये," व्हर्ना म्हणाली. "पन्नास सेंट ना? फिलिसचा फोन येऊन गेला. मी म्हटलं, डॉलर तरी लावायचा होता. चांगली जाड काच आहे."

"ड्वेनला माहीत नव्हतं, व्हर्ना. शपथेवर सांगते."

"पुरुष कधी भांड्याचा तळ बघतात का? बस. कॉफी तयार आहे."

दोघी बसल्या. व्हर्नाने वड्या कापल्या. यंदा बीट बरं आहे असं ती म्हणाली. आर्लिस म्हणाली, हो, पण माती फार ओली आहे. मग एकाएकी आर्लिसला या सगळ्याचा वीट आला. तिने कप खाली ठेवला.

"व्हर्ना, मी ते रागाने ठेवून घेतलं नव्हतं. पहिलं वर्ष राग होता, तुमच्याशी खोटं कशाला बोलू. पण नंतर नव्हता. नंतर नुसती लाज. तुमच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. आणि मला वाटलं, एका भांड्यावाचून कुणाचं काय अडणार?"

व्हर्ना वडीचा तुकडा बशीत फिरवत राहिली.

"माझं नाही अडलं," ती म्हणाली. "मी दुसरं आणलं. पण डॅरेल आहे ना तिकडे ॲरिझोनात, तो दर नाताळला फोन करतो. तब्येत विचारतो, बर्फ किती पडला विचारतो. आणि ठेवता ठेवता एकच विचारतो, आई, आर्लिसने भांडं परत आणलं का?"

"आणि तुम्ही काय सांगता?" आर्लिसने विचारलं.

"मी म्हणते, नाही रे. तो म्हणतो, बरं. बावीस नाताळ असंच चाललंय. एकदा वाटलं, सांगून टाकावं आणलं म्हणून. पण मला खोटं बोलता येत नाही, आणि त्याला ते लगेच कळतं. बापाच्या मातीला आला तर शेवटच्या बाकावर बसला, आणि कॉफीला तू खाली उतरायच्या आत गेला. तुला दिसू नये म्हणून गाडी धान्याच्या कोठारामागे लावली होती."

आर्लिसला वाटायचं, आपण फक्त एक काम टाळतोय. इकडे एक माणूस बावीस वर्षं तिच्या पावलांच्या चाहुलीकडे कान लावून बसला होता. हीटरवर हातमोजे टाकून, न विचारता फ्रीज उघडणारा पोरगा. एक मुलगा देवाने नेला होता. दुसरा तिने स्वतः हाकलला होता, तोंडाने एक शब्दही न बोलता.

"नाताळला अजून तीन महिने आहेत," ती उठत म्हणाली. "आत्ता लावा फोन."

"आत्ता? तो कामावर असेल."

"असू दे. लावा."

भिंतीवरच्या फोनची तार ताणून व्हर्नाने नंबर फिरवला, आणि पलीकडून आवाज येताच फोन आर्लिसच्या हातात दिला. मागे कुठला तरी पंप धडधडत होता.

"डॅरेल, मी आर्लिस. तुझ्या आईच्या स्वयंपाकघरातून बोलतेय."

पलीकडे पंप बंद झाला.

"भांडं परत आणलं रे. भरून आणलंय. सफरचंदाच्या वड्या. उशीर झाला, त्यात तुझी काही चूक नाही. माझीच आहे."

नुसता श्वास ऐकू येत होता, तोही अडखळत. आता ठेवून देतो की काय, या भीतीने आर्लिस भरभर बोलू लागली.

"आम्ही घर विकलं, कळलं असेल तुला. आता ट्रेलर हेच घर. थंडी पडली की तुझ्या ॲरिझोनातच उतरणार. ड्वेन म्हणतो, वाळवंटात कुठेही उभं करता येतं. पण मला कुठेही नको. मला तुझ्या दारात लावायचंय. चालेल का रे?"

व्हर्नाने आर्लिसचा मोकळा हात घट्ट धरला होता. डॅरेलने घसा खाकरला. मोठ्या माणसाचा, जाडसर झालेला आवाज.

"लांबी किती आहे?"

"अठ्ठावीस फूट."

"मग कुंपण मागे घ्यावं लागेल," तो म्हणाला. "घेतो. तुम्ही या."